चौदा आणे तयार : सड्यावरची बाग आणि एक माहितीपट

हापूस झाडावर पिकू देत नाहीत. चौदा आणे तयार झाला की झेल्याने, म्हणजे लांब काठीच्या जाळीने, देठासकट उतरवायचा. उरलेले दोन आणे तो पेटीत, गवतात, वाशीच्या वाटेवर पिकतो. माहितीपटाचा पहिला जोड, ज्याला आम्ही रफ कटच म्हणतो, तोही असाच चौदा आण्यांवर निधी देणाऱ्यांपुढे ठेवायचा असतो. ही तुलना बाग सांभाळणाऱ्या एका दिग्दर्शिकेची, आणि तिने ती थट्टेत केली होती. पण या प्रकरणातली सगळी गोची या दोन चौदा आण्यांच्या मधल्या दिवसांत आहे, म्हणून सुरुवात तिथून करतो.

ती राजापूर तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका गावात आंब्याची बाग सांभाळते आणि माहितीपट करते. नाव-गाव तिच्या सांगण्यावरून गाळलं आहे. मी पुण्यात संकलन करतो. तिचे तीन माहितीपट माझ्या टेबलावर जोडले गेले, आणि अलीकडे दोन मे महिने मी तिच्या पडवीत बसून पेट्या भरल्या. त्यामुळे मी तटस्थ आहे असं कोणी समजू नये. पण दोन्हीकडच्या वह्या पाहिलेला तिच्याशिवाय दुसरा माणूस मीच आहे.

पुरवण्यांतून अशा माणसांवर लेख येतात. शहर सोडलं, कॅमेरा ठेवला, मातीत हात घातले, आता समाधानी. तिच्यावरही एक आला होता. त्यात तिचा फोटो होता आणि हातात बाटा आंबा होता, हापूस नव्हे, हे तिच्या आईने पहिल्यांदा ओळखलं. तिने कॅमेरा कधीच ठेवला नव्हता. मातीकडेही ती हौसेने गेलेली नाही. २०१६ च्या पावसात वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. भाऊ ठाण्यात नोकरीला, बहीण सासरी. ज्याला सुट्टी मागावी लागत नाही असं घरात एकच माणूस होतं. तोवर मुंबईत तिचं बरं चाललं होतं. संस्थांसाठी प्रशिक्षणाच्या फिल्म, वाहिन्यांना लागणारं चित्रीकरण, आणि दोन-तीन वर्षांतून एखादा स्वतःचा माहितीपट. त्या शेवटच्या गोष्टीवर आपल्याकडे पोट भरत नाही. पहिल्या दोन गोष्टी तिसरीचा खर्च काढतात, एवढंच.

बाबा २०१८ ला गेले. सात-बाऱ्यावर आई, ती, भाऊ, बहीण अशी चार नावं लागली. कोकणात चार म्हणजे कमीच. शेजारच्या गटावर एकवीस आहेत. कलमं एकशे ऐंशी. त्यातली साठ घराखालच्या उतारावर, आजोबांच्या वेळची. एकशे वीस वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, बाबांनी नव्वदच्या दशकात लावलेली. ती आली तेव्हा तिचा हिशोब सरळ होता : एप्रिल-मे आंब्याचा, उरलेले दहा महिने आपले.

हा हिशोब शहरातल्या प्रत्येकाचा असतो. माझाही होता. आंबा म्हटलं की आपल्याला पेटीच दिसते. प्रत्यक्षात मे महिना तिच्यासाठी सोपा. राबायचं भरपूर, पण ठरवायचं काही नाही. पहाटे काढणी, दुपारी निवड, संध्याकाळी टेम्पो, आणि काही दिवसांनी दलालाची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशोब. राखणीला नेपाळहून आलेलं जोडपं असतं, ते केलडी, म्हणजे माकडं, हाकतं. खरी कसोटी थंडीची. ऑक्टोबरपासून पालवी निबर होत जाते आणि थंडी पडली की बोंगे, म्हणजे मोहराचे कोंब, फुटतात. त्या कोवळ्या मोहरावर तुडतुडे बसतात, रस शोषतात, चिकटा पडतो आणि त्यावर काळी बुरशी धरते. ढगाळ हवा आली की भुरी, ती पांढरी बुरशी. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं फवारणीचं वेळापत्रक कागदावर सुटसुटीत आहे : पालवीवर एक, बोंगे फुटताना दुसरी, मग साधारण दोन-दोन आठवड्यांनी. पण सगळी झाडं एकाच दिवशी मोहरत नाहीत. एकाच झाडाची समुद्राकडची बाजू आधी, डोंगराकडची मागून. रोज सकाळी बागेत फिरून, मोहर हातात धरून, तुडतुडे आहेत की नाहीत ते बघणारं माणूस लागतं. पंप मारायला गडी मिळतो, बघायला मिळत नाही.

आणि संकलनही थंडीतच येतं, कारण चित्रीकरण पावसाळ्यात संपलेलं असतं आणि मार्चअखेर सगळ्यांना हिशोब बंद करायचे असतात. उत्सवांचंही तेच. मुंबईचा आंतरराष्ट्रीय महोत्सव, जो माहितीपटवाल्यांचा मोठा मेळा, तो २०२० पर्यंत जानेवारीच्या अखेरीला किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला भरत होता. २०२२ ला तो २९ मे रोजी सुरू झाला आणि २०२४ ला १५ जूनला. आमच्यातले कित्येक जण उकाड्याच्या नावाने ओरडले. ती एकटी खूश होती. २९ मेला बाग जवळजवळ रिकामी झालेली असते.

आता मूळ प्रसंग.

१६ मे २०२१, रविवार. तौक्ते वादळ रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला घासत वर गेलं. झाडावर निम्मं फळ होतं. टाळेबंदीमुळे त्या वर्षी थेट सोसायट्यांना पेट्या पाठवायचं तिचं जाळं उभं राहिलं होतं, आमच्या सोसायटीतून नोंदणी मीच करत होतो. त्या रात्रीनंतर लोकांचे पैसे परत करायचं कामही मीच केलं. पडलेलं फळ कॅनिंगवाले किलोच्या भावाने घेतात, पण फुटलेलं, चिखलात लोळलेलं तेही घेत नाहीत. फळपीक विमा होता. तो महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या आकड्यांवर चालतो, तुमच्या झाडाखाली किती खच पडला यावर नव्हे, एवढं सांगून तो विषय सोडतो. बोलायला लागलो तर लेख त्याच्यावरच जाईल.

नेमक्या त्याच महिन्यात तिच्या सड्यावरच्या माहितीपटाला निधी मंजूर झाला. रक्कम तीन हप्त्यांत : करारावर चाळीस टक्के, रफ कटवर चाळीस, अंतिम प्रत दिल्यावर वीस. रफ कटची तारीख ३१ जानेवारी २०२२. ही तारीख तिने वाचली, सही केली आणि मला फोन करून आनंदाने सांगितली. मीही आनंदाने ऐकली. दोघांपैकी एकाच्याही डोक्यात जानेवारी म्हणजे मोहर हे आलं नाही. मला न येणं समजू शकतं.

सड्याबद्दल थोडं सांगायला हवं. रत्नागिरी-राजापूर-देवगड पट्ट्यात खाडीतून वर चढलं की अचानक झाडं संपतात आणि जांभ्याचं काळपट, सपाट पठार लागतं. मार्चमध्ये तिथे उभं राहिलं तर इथे काही जगत असेल असं वाटत नाही. सात-बाऱ्यावर त्याचा बराच भाग ‘पोटखराबा’ म्हणून लावलेला असतो. मग जूनच्या पहिल्या सरी येतात आणि आठवड्याभरात कातळाच्या चिरांतून दीपकाडीची पांढरी फुलं वर येतात. कोकणाच्या सड्यांबाहेर ती जवळजवळ मिळत नाहीत. खळग्यांत पाणी साठतं, बेडूक येतात, श्रावणात सीतेची आसवं आणि गेंद यांच्या फुलांचे निळे-पांढरे पट्टे उमटतात, ऑक्टोबरमध्ये सगळं वाळून पुन्हा काळं. याच कातळावर शेकडो कातळशिल्पं आहेत. कशेळीचा हत्ती, बारसूची, देवाचे गोठण्याची, सगळी तिच्या तालुक्यातली. कागद ज्याला खराब म्हणतो त्याच्यात काय काय आहे, असा तिच्या माहितीपटाचा विषय. जून ते सप्टेंबर चित्रीकरण. बागेच्या दृष्टीने हे उत्तम होतं, पावसात बागेला तिची गरज खतं घालण्यापुरती.

अडचण रोखीची होती. पहिला हप्ता जूनमध्ये आला तो ध्वनिमुद्रक, भाड्याचा ड्रोन, पावसाची आवरणं आणि वादळात मोडलेल्या मांगराचं, म्हणजे बागेतल्या खोपटाचं, छप्पर यांत गेला. छप्पर त्या हिशोबात बसत नाही हे तिलाही माहीत होतं. पण पैसा एकाच खिशात असला की त्याला कुठल्या कामाचा ते कळत नाही. जुलैत एक ओळखीचा ठेकेदार आला. म्हणाला, “ताई, सड्यावरची बाग दोन वर्सां माझ्याकडे द्या. कलमां मी सांभाळतंय, तुमी तुमचा शूटिंग सांभाळा.” निम्मे पैसे लगेच, उरलेले पाडव्याला. चारही नावांच्या सह्या शंभराच्या स्टॅम्पवर आठ दिवसांत झाल्या. भावाने एकच प्रश्न विचारला, “खालची का नाही देत?” ती म्हणाली, खालची आजोबांची आहे. हे उत्तर शेतकऱ्याचंही नाही आणि दिग्दर्शिकेचंही नाही, ते नातीचं आहे.

करारात काय लिहिलं ते महत्त्वाचं : रक्कम, मुदत, झाडांची संख्या, फांद्या न तोडणं. काय लिहिलं नाही ते त्याहून महत्त्वाचं : खत किती घालायचं आणि कल्टार किती घालायचं. हापूस एक वर्ष धरतो, एक वर्ष रुसतो. त्याला दरवर्षी धरायला लावण्यासाठी पॅक्लोब्युट्राझोल देतात, बागेत त्याला कल्टारच म्हणतात. १५ जुलै ते १५ ऑगस्ट, झाडाच्या विस्ताराचा व्यास मोजून मीटरला तीन मिली, तेही निरोगी झाडाला आणि खताची मात्रा वाढवून, अशी दापोलीच्या विद्यापीठाची शिफारस. दोन वर्षांसाठी बाग घेणारा झाडाकडे दोन वर्षांच्याच नजरेने बघतो. त्याला दोष देता येत नाही. दोष कागदाचा.

पावसाळा छान गेला. तिने स्वतः कॅमेरा धरला, शेवाळलेल्या जांभ्यावर दोनदा पडली, दीपकाडी उमलताना टिपण्यासाठी एका चिरेसमोर छत्री धरून तासन्‌तास बसली. फाळक्यांनी १९१२ मध्ये कुंडीत वाटाणा पेरून रोज थोडं थोडं चित्रण केलं आणि तो उगवतानाचा तुकडा दाखवून चित्रपटासाठी भांडवल मिळवलं, ही गोष्ट ती त्या दिवसांत प्रत्येकाला ऐकवायची. आपल्या सिनेमाची सुरुवातच अंकुरापासून आहे, म्हणायची. मी म्हणायचो, फाळक्यांना वाटाण्यावर तुडतुडे नव्हते.

१ डिसेंबरला अवकाळी पाऊस झाला. कोकणभर झाला. खालच्या साठ कलमांचा पहिला मोहर भिजला. तिने धावपळ करून फवारणी केली, थोडा वाचला. महिनाअखेर दुसरा मोहर आला, चांगला आला. आणि ६ जानेवारीला ती पुण्यात माझ्याकडे संकलनाला आली. दहा दिवसांसाठी. राहिली एकोणीस.

एकोणीस दिवसांचं कारण एक चौकट आहे. ड्रोनचं दृश्य : ऑगस्टमधला सडा, मैलभर ओला हिरवा-जांभळा, आणि मधोमध एक गडद हिरवा काटकोनी चौकोन, रांगेत लावलेली झाडं. निवेदनात तिने लिहिलं होतं की बागायतदारांनी सुरुंग लावून सडा फोडला आणि शेकडो वर्षांची वस्ती उठवली. वाक्य चांगलं होतं. दृश्य त्याहून चांगलं. मी सहज विचारलं, ही बाग कोणाची?

ती गप्प बसली. मग म्हणाली, “आमची.”

मी तोवर तिची सड्यावरची बाग पाहिलेली नव्हती. मला वाटायचं सड्यावर म्हणजे उंचावर कुठेतरी. रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड योजना १९९० ला आली. पडीक जमिनीवर झाडं लावा, सरकार खर्च देईल. तिच्या बाबांनी जांभ्यात सुरुंग लावून मीटर-मीटरचे खड्डे फोडले, खालची माती वर नेऊन भरली, दहा-दहा मीटरवर हापूस लावला. ज्या पैशावर ती पुण्यात शिकली तो त्याच चौकोनातून आला. आणि या चित्रीकरणाचे पैसेही, ठेकेदारामार्फत, तिथूनच आले होते.

मी म्हटलं, हे निवेदन असं राहणार असेल तर मी जोडणार नाही. आमचं कडाक्याचं वाजलं. तिचं म्हणणं, विषय सडा आहे, मी नाही. प्रत्येक माहितीपटात दिग्दर्शक का घुसवायचा? हे एरवी मलाही पटतं. स्वतःला मधे आणून बसवणारे माहितीपट मी नाइलाजाने जोडतो. पण ‘बागायतदारांनी’ हा तृतीयपुरुष इथे खोटा होता. तीन दिवस आम्ही दुसरीच दृश्यं जोडत बसलो. चौथ्या दिवशी ती म्हणाली, आईला बोलतं करायला हवं. त्याच रात्रीच्या गाडीने गेली.

आईचं चित्रीकरण तिने बागेतच, एका खड्ड्याच्या कडेला बसवून केलं. एक कलम वादळात मुळासकट गेलं होतं, त्याचा. “खराब कसली गो?” आई म्हणते. “हंडे वाहून माझी मान गेली थंयसर.” पहिले दोन उन्हाळे एकशे वीस कलमांना डोक्यावरून पाणी. मग विचारलं नसताना सांगते की खड्डा फोडला तेव्हा आतून बेडूक निघाले होते, पिवळे, आणि तुझा बापूस त्या दिवशी जेवला नाही. हे मुलीने पहिल्यांदाच ऐकलं होतं. कॅमेरा किंचित हलतो. मी ते हलणं काढलं नाही.

त्या दिवशी घरी पोचल्यावर ती खालच्या बागेत गेली ती संध्याकाळी. मोहर हाताला चिकटत होता, काही झाडांवर काळा पडला होता. फवारणी गड्याने वेळापत्रकाप्रमाणे केली होती; तुडतुड्यांनी वेळापत्रक वाचलेलं नव्हतं. साठ कलमांवर त्या मेमध्ये घरात खायला आणि नातेवाइकांना पाठवायला पुरेल एवढंच फळ निघालं. वर ठेकेदाराची एकशे वीस मात्र लगडली होती. गावात जो तो तिला ऐकवून गेला की नको ती बाग दिलीस.

रफ कट ३१ जानेवारीऐवजी मार्चमध्ये गेला. निधी देणाऱ्या संस्थेने समजून घेतलं, पण आर्थिक वर्ष उलटल्यामुळे दुसरा हप्ता जूनमध्ये आला. दलालाकडून उचल घेऊन तिने चार महिने काढले. फिल्मच्या हप्त्यातून आधीच दहा टक्के कर कापलेला, तो परत मिळवायला विवरणपत्र; त्यात शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी दर ठरवताना मोजायचं. त्या वर्षी मोजायला फारसं नव्हतंच.

माहितीपट २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये पूर्ण झाला. त्याच वर्षी कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली, त्यामुळे सड्याकडे लोकांचं लक्ष गेलं, पण महोत्सवांनी फिल्मकडे फारसं पाहिलं नाही. मग एप्रिल २०२३ मध्ये रिफायनरीच्या माती परीक्षणावरून बारसूच्या सड्यावर आंदोलन पेटलं आणि महिन्याभरात तिला शाळा, महाविद्यालयं, वाड्यांवरच्या देवळांतून बोलावणी येऊ लागली. मी दोन ठिकाणी गेलो होतो. दोन्हीकडे बाजूचे, विरोधातले सगळे बसलेले. फिल्म संपल्यावर कोकणी माणूस जो प्रश्न हमखास विचारतो तो, “तुमची जमीन किती नि कुठे?”, कोणी विचारला नाही. त्याचं उत्तर पडद्यावर येऊन गेलं होतं. जुनं निवेदन ठेवलं असतं तर सभा तिथेच मोडली असती असं मला वाटतं. ती म्हणते, मोडली नसती, लोक फक्त घरी जाऊन बोलले असते.

बाग जून २०२३ ला परत मिळाली. पुढच्या पालवीला फरक दिसला : आखूड, गुच्छासारखी, पानं लहान. अतिरेकी मात्रेची ही खूण बागायतदार लांबून ओळखतात. दोन वर्षं शेणखत, पेंड, छाटणी आणि कल्टार पूर्ण बंद. म्हणजे ठेकेदाराने जे आगाऊ दिलं होतं त्यातला मोठा भाग झाडांनाच परत गेला.

चूक कुठे झाली यावर आमचं अजून जमत नाही. माझं मत, वरची बाग देणं बरोबर होतं, करार अर्धा लिहिणं चूक. आणि खालची साठ तर आधी द्यायला हवी होती, कारण डोळ्यांखाली लागते ती तीच. तिच्या मते बागेत काहीच चुकलं नाही. चुकली ती ३१ जानेवारीवरची सही. बागेचं पंचांग हलवता येत नाही, माणसांचं येतं, आणि तिने ते विचारलंच नाही. वाद घालताना तिची एक खोड आहे, पेटी भरता भरता बोलते आणि दर वाक्याला एक आंबा माझ्याकडच्या ढिगातून उचलून बाजूला ठेवते. “हा बारा आणेच आहे,” म्हणते. मला अजून दिसत नाही.

मेलेल्या चार कलमांच्या खड्ड्यांत तिने नवी लावली नाहीत. भावाने विचारलं तर म्हणाली, बघू.

परवा तिचा फोन आला. खाजणातल्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतल्या, भातशेतीवर नवा माहितीपट मंजूर झाला आहे. करारात रफ कटची तारीख ३१ जानेवारीच होती, बहुधा सगळ्यांच्या करारात तीच छापलेली असते. तिने ती खोडून १५ जुलै लिहिली, शेजारी सही केली आणि कागद परत पाठवला. उत्तर अजून आलेलं नाही. समुद्राकडच्या बाजूला बोंगे फुटलेत, उद्या सकाळी दुसरी फवारणी आहे.